भट्टीपासून लांब जाऊ नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवला आणि मन लागेना, म्हणून लिहायलाच बसले. तुझ्या फौंड्रीचे, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याचे, साहेब म्हणाले, शॉपवर, म्हणजे जिथे काम चालतं तिथे, धूळ, धग, सगळे पुरुष, कशाला त्रास करून घेतेस? ऑफिसात ये, ऑडिटची कागदपत्रं सांभाळ, पगार तोच राहील. घरच्यांनाही ते पटलंय. साहेब मनाने चांगले आहेत, हे मला मान्य आहे. तरीही नाही म्हण.

तीस वर्षांत मला तोडून बोलणारे थोडेच भेटले. मला अडवलं ते काळजीनं. साच्याजवळ गेले की "मॅडम, तुम्ही राहू द्या." गिऱ्हाइकाची तक्रार निस्तरायला पुण्याला जायचं असलं की "तुम्ही राहू द्या." आणि भट्टीच्या बाबतीत तर कायदाच आड यायचा. आमच्याकडे वीज रात्री स्वस्त पडायची, म्हणून मोठ्या हीट, म्हणजे लोखंड वितळवायच्या खेपा, रात्री निघायच्या. 1948 च्या कारखाना कायद्यानुसार बाईला संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कामावर ठेवता येत नव्हतं. म्हणजे लोखंड वितळायचं तेव्हा मी घरी, आणि सकाळी माझ्यासमोर यायचे ते गार झालेले जॉब, म्हणजे ओतलेले भाग. माझ्याबरोबर लागलेली मुलं दोन वर्षांत रसाच्या रंगावरून तापमानाचा अंदाज सांगायला लागली. मी रिजेक्शनची कारणं लिहीत राहिले. बढतीची वेळ आली तेव्हा ज्यांनी मला "राहू द्या" म्हटलं होतं तेच म्हणाले, मॅडमना मेल्टिंगचा अनुभव नाही. खोटं नव्हतं ते. म्हणूनच फार लागलं.

आता संमती, सुरक्षितता आणि ने-आणीची सोय या अटींवर रात्रपाळी करता येते. तुझ्याकडे ती वाट असेल तर महिन्यातून चार रात्री तरी मागून घे.

आणि साच्याची वाळू सोडू नकोस. मला फौंड्रीत उभं केलं ते वाळूनं. एका पावसाळ्यात पंपाच्या बॉडीला आतून सारखी भोकं पडत होती. सगळे भट्टीला दोष देत होते. मी रोज सकाळी मिलरखालची, म्हणजे वाळू मळायच्या यंत्राखालची, मूठभर वाळू घ्यायची, दाबायची, मग तो गोळा मोडून कडा बघायची. कडा स्वच्छ यायची, पण तळवा ओला राहायचा. ओलावा साडेचार टक्क्यांच्या वर गेला होता, आम्हाला साडेतीन हवा होता. जादा पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूत अडकते. मीटिंगमध्ये हे मी सांगितलं, कुणी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तेच एका वरिष्ठांनी सांगितलं आणि लगेच नोंद झाली. तेव्हा कोपऱ्यात उभे असलेले मोल्डिंगचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, हे काल बाईंनी सांगितलंय. वाळू त्यांनी हातात धरून दाखवली मला." सातवी शिकलेला माणूस. त्यांच्या त्या दोन वाक्यांनी मिनिटबुकात माझं नाव गेलं, आणि पुढच्या वेळी वाळूचं काही निघालं की लोक आधी माझ्याकडे बघू लागले.

असा एक माणूस तुझ्या शॉपवर शोध. तो मोठ्या हुद्द्यावर असायला हवा असं नाही. आणि स्वतःचं निरीक्षण तारीख, वेळ घालून रजिस्टरात लिही, खाली सही कर. बोललेलं दुसऱ्याच्या नावावर जातं, सही केलेलं सहसा जात नाही.

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयावरून जाताना मला नेहमी आनंदीबाई जोशी आठवतात. 1886 मध्ये त्या अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या, आणि आपल्या कोल्हापूर संस्थानानं त्यांना तिथल्याच, तेव्हाच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची प्रमुख नेमलं. वय अवघं एकवीस. मदतनीस म्हणून नव्हे, सगळा विभाग ताब्यात. त्या रुजू होऊ शकल्या नाहीत, फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात गेल्या. पण या गावानं त्या पोरीवर अख्खा विभाग सोपवायची तयारी दाखवली होती, हे मला फार मोठं वाटतं. तुझ्या साहेबांनी तुला एक लाईन सोपवली तर काय बिघडेल?

सोयी मात्र मागायला लाजू नकोस. मी लाजले. शॉपवर बायकांसाठी संडास नव्हता, ऑफिसची इमारत लांब. मार्च-एप्रिलमध्ये त्या धगीत मी सकाळपासून पाणी पीत नसे. दोनदा लघवीचं इन्फेक्शन होऊन ताप चढला, आणि घरी सांगितलं, उन्हामुळे झालं. तू पहिल्या आठवड्यात लेखी माग. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे 2013 च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच. तिच्यावर कोण कोण आहे ते विचार, नावं वहीत लिहून ठेव. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय लागते. पगारी बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, 2017 पासून. हे उपकार नाहीत.

लग्नाचं तू विचारलंस. त्यात मी पडत नाही, एवढंच सांगते: मुलगा बघताना "नोकरी चालेल" म्हणणाऱ्याला विचार, रात्री दोनला भट्टीवरून फोन आला तर चालेल का? मध्ये खंड पडलाच तरी घाबरू नकोस. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाईज-किरण योजना संशोधनात परतणाऱ्या बायकांनाही मदत करते.

तुझ्याकडे डिप्लोमाची जी नवी मुलगी शिकायला आली आहे, तिला फायली लावायला बसवू नकोस. उद्या सकाळी मिलरखाली घेऊन जा, मूठ तिलाच दाबू दे.

साहेबांना काय लिहायचं ते रविवारी घरी ये, बसून लिहू. येताना तुझी वही आण. गेल्या तीन महिन्यांत कोणते जॉब का बिघडले हे तू सांगितलंस ना, ते त्या पत्रात सगळ्यात वर घालायचं आहे.

तुझी,
मावशी