माहीमचा तो निळा-नारिंगी पक्षी : माझं मत इंडियन ब्लू रॉबिन

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी माहीमच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात झुडपाखाली चिमणीएवढा पक्षी दिसला. वरून निळा, खालून नारिंगी, डोळ्यावर पांढरी रेघ. फोटो धूसर आला आणि दोघांनी ‘टिकेल्स ब्लू फ्लायकॅचर असणार’ म्हणून विषय मिटवला. मला तो टिकेल्स वाटत नाही. इंडियन ब्लू रॉबिनचा नर असावा.

सगळ्यात आधी ती रेघ. टिकेल्सच्या नराचं कपाळ आणि भुवईची जागा चकाकत्या फिकट निळ्या रंगाची असते. सावलीत ती पांढुरकी भासते, म्हणून गल्लत होते. पण ती आखूड असते, डोळ्याच्या आसपासच विरते. ब्लू रॉबिनची भुवई स्वच्छ पांढरी, चोचीपासून डोळ्याच्या बरीच मागेपर्यंत गेलेली, आणि तिच्याखाली गाल काळा. तुमच्या तिसऱ्या फोटोत पक्षी हलला असला तरी रेघ डोळ्याच्या मागे स्पष्ट जाते. पोटही बघा. टिकेल्सचा नारिंगी रंग छातीवर संपतो आणि खाली पांढरं सुरू होतं. रॉबिनचा नारिंगी कुशीवरून खालपर्यंत उतरतो, पांढरं राहतं ते पोटाच्या मध्यभागी आणि शेपटीखाली.

तुम्ही सहज लिहून गेलात ते मला फोटोपेक्षा मोलाचं वाटतं : ‘पाचोळ्यात टुणटुण उड्या मारत होता, थांबला की शेपटी हलवायचा.’ टिकेल्स खालच्या फांदीवर ताठ बसून माशा टिपतो. किड्यासाठी क्षणभर जमिनीवर येईलही, पण तिथे रमत नाही. लांब, फिकट गुलाबी पायांवर पाचोळा धुंडाळणं हे रॉबिनचंच काम. कस्तुर (थ्रश) हा पक्षी तर मोठ्या आकारानेच बाद होतो.

तारीखही जुळते. हा पक्षी हिमालयात वीण करतो आणि हिवाळ्याला दक्षिण सह्याद्री व श्रीलंकेत जातो. असे छोटे पक्षी रात्री उडतात आणि उजाडता उजाडता दाट झाडी दिसेल तिथे उतरतात. त्यामुळे ‘शहरात कुठला येणार’ हा आक्षेप मला पटत नाही. धारावीला खेटून, मिठीकाठी, जुन्या कचराभूमीवर वाढवलेली ही झाडी वरून येणाऱ्याला आसराच. मात्र खाली पाचोळा हवा. रोज झाडून लख्ख केलेल्या बागेत त्याला खायला काय मिळणार? आपल्या बागांच्या व्यवस्थापकांना हे पुन्हापुन्हा सांगायला हवं.

ई-बर्डवर, म्हणजे पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर, नोंद जरूर करा. दुर्मिळ म्हणून तपशील मागितला तर भुवई, कुशीचा रंग, जमिनीवरचं वागणं, अंतर आणि उजेड हे सगळं लिहा. धूसर फोटोही जोडा. आठवणीत ताजं आहे तोवर आजच लिहा, पक्ष्यांचं पुस्तक उघडण्याआधी.

एक कळकळीची विनंती : उद्या पुन्हा गेलात तर मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. अजून शेकडो किलोमीटर उडायचंय त्याला, आणि ही सकाळ पोट भरायची आहे. त्याच झुडपापासून थोडं दूर, जमिनीवर बसून वाट पाहा. ‘टक् टक्’ असा कोरडा आवाज आला तर तिकडे दुर्बीण धरा. सोबत मादी असेल तर ती वरून मातकट हिरवट, कुशीला पिवळसर तपकिरी दिसेल. तिचाही फोटो टाका.