'परस्पर सोयीने भेट' या तीन शब्दांनी तुम्हाला अडकवलंय

तुमचा मेल वाचला. पुण्याच्या फॅमिली कोर्टात 2022 साली म्युच्युअल डिव्होर्स, मुलगी आता आठ वर्षांची, कस्टडी आईकडे, आई दीड वर्षापूर्वी जूनमध्ये नोकरीसाठी मुलीला घेऊन नागपूरला गेली आणि तेव्हापासून तुमची लेकीशी भेट फक्त दोनदा, म्हणून तुम्ही गेल्या दिवाळीपासून पोटगी थांबवली आणि आता विचारताय की कंटेम्प्ट (कोर्टाच्या अवमानाचा अर्ज) टाकू का पोलिसात जाऊ. असे मेल मला सारखे येतात, शहरं तेवढी वेगळी.

पोलिसांचं यात काही काम नाही, तो विषय सोडा. कन्सेंट टर्म्सचं, म्हणजे डिव्होर्सच्या वेळी दोघांनी सही केलेल्या अटींचं, क्लॉज 6 बघा, तुम्हीच फोटो पाठवलाय: "वडिलांना परस्पर सोयीने मुलीस भेटता येईल." झालं, एवढंच. वार नाही, वेळ नाही, जागा नाही, सुट्टी कशी वाटायची ते नाही, शहर बदललं तर आधी कळवायचं असंही नाही. आता मॅडम म्हणणार मला सोय नव्हती, मग मोडलं काय त्यांनी? कंटेम्प्टला जाणूनबुजून केलेला भंग दाखवावा लागतो आणि तोही घडल्यापासून एका वर्षाच्या आत. दरखास्त, म्हणजे ऑर्डर अमलात आणायचा अर्ज, टाकली तरी तीच अडचण, जे ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलेलंच नाही ते कोर्ट अमलात कसं आणणार. सहीच्या दिवशी घाई होती, सगळं लवकर संपवायचं होतं, हे मला कळतं, पण फ्लॅट आणि दागिन्यांवर चार पानं आणि मुलीवर दीड ओळ, हे बघून खरंच वाईट वाटतं.

मार्ग आहे. कस्टडीची ऑर्डर कधीच कायमची नसते, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली डिव्होर्सनंतरही ती बदलून मागता येते, आणि तो अर्ज ज्या कोर्टाने डिक्री, म्हणजे डिव्होर्सचा हुकूम, दिली तिथेच, म्हणजे पुण्यात. गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याने, म्हणजे मुलांच्या पालकत्वाच्या कायद्याने, गेलात तर मुलगी राहते तिथलं कोर्ट, म्हणजे नागपूर, त्यामुळे त्या वाटेने जाऊ नका. मॅडम केस नागपूरला न्यायला हायकोर्टात ट्रान्सफर मागू शकतात आणि अशा वेळी बाईच्या सोयीकडे बरंच बघितलं जातं, तेव्हा केस पुण्यातच राहील याची खात्री मी देणार नाही.

अर्जात कस्टडी मागू नका, क्लॉज 6 बदलून मागा आणि आकड्यात मागा. महिन्यातून एक शनिवार-रविवार तुम्ही नागपूरला जाणार, शनिवारी सकाळी 10 ला मुलगी ताब्यात, रविवारी संध्याकाळी 5 ला परत, मुलीला न्यायचं कुठून आणि सोडायचं कुठे ते पत्त्यासकट. दिवाळी आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी पुण्यात, प्रवासाचा खर्च तुमचा. रोज संध्याकाळी साडेसातला दहा मिनिटं व्हिडिओ कॉल, सुप्रीम कोर्टाने 2020 च्या यशिता साहू निकालात रोज पाच-दहा मिनिटं बोलू द्यावं असं म्हटलेलंच आहे. परदेशात न्यायचं असेल तर आधी कोर्टाची परवानगी, हेही घाला.

पण त्याआधी पोटगी भरा. थकलेली सगळी, एकरकमी, मुलीच्या आईच्या खात्यात, रिमार्कमध्ये महिने लिहून. भेट दिली नाही म्हणून पैसे अडवले असं कुठल्याही जजसमोर चालत नाही, ते पैसे मुलीचे आहेत, आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेच काढणार आणि मग तुमचं दुसरं काही ऐकलं जाणार नाही. कृपा करून हे आजच करा.

दुसरं म्हणजे तुम्ही दीड वर्ष गप्प बसलात, याचा राग येतो मला. मुलीचं नागपूरच्या शाळेत दुसरं वर्ष चालू आहे, मैत्रिणी तिथे, ट्यूशन तिथे, आणि जितके दिवस जातात तितकं "मूल रुळलंय, हलवू नका" हे वजनदार होत जातं. कोर्टात आधीच तारखा लांब पडतात, समोरचे म्हणणं द्यायलाच दोन-तीन तारखा घेतात, मग कौन्सिलरकडे पाठवतात. मी कोर्टाच्या मुलांच्या खोलीत बापाला भेटायला आलेली पोरं बघितलीत, पहिली वीस मिनिटं आईच्या ओढणीला धरून दारातच उभी राहतात, कारण मधे वर्ष गेलेलं असतं. म्हणून मुख्य अर्जाबरोबरच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या सोयीचा, अर्ज लावा, फक्त व्हिडिओ कॉल आणि येत्या मे महिन्याच्या सुट्टीपुरता. आत्ता जानेवारी आहे, डिक्री आणि कन्सेंट टर्म्सची सर्टिफाइड कॉपी मिळायलाच वेळ जातो, त्या कॉपीचा अर्ज उद्या टाका, आणि तोपर्यंत मॅडमना दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर साध्या शब्दात भेटीचा वार आणि वेळ विचारत राहा, भांडण नको, टोमणा नको, ते मेसेज शपथपत्राला जोडायचेत.