फिलामेंट पुसला गेला म्हणून फिल्टर परत पाठवू नका

एच-अल्फा दुर्बिणीत (म्हणजे हायड्रोजनच्या एका ठरावीक लाल रंगातच सूर्य दाखवणाऱ्या) सकाळी सूर्यबिंबावर लांब काळी रेघ, म्हणजे फिलामेंट, सूर्यावर तरंगणारा वायूचा ढग होता, अर्ध्या तासात तो नाहीसा झाला, म्हणून फिल्टर कंपनीकडे पाठवायचा, असं तुम्ही लिहिलंय. थांबा. मी नेमकं हेच केलं होतं.

माझा फिल्टर परदेशी गेला आणि परतताना एका सरकारी कार्यालयात अडकला. 'माझीच जुनी वस्तू दुरुस्तीहून आलीय' हे तिथे कुणाला पटेना. नवीन मागवल्यासारखी ड्युटी लावली. चार महिने हेलपाटे. खोक्यात कंपनीची चिठ्ठी होती: दोष नाही.

दोष नव्हताच. फिलामेंट उसळला होता. ०.७ अँगस्ट्रॉमचा (प्रकाशाच्या तरंगलांबीचं हे एकक) फिल्टर एच-अल्फाच्या ६५६२.८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या आजूबाजूचं जेमतेम काही दाखवतो. वायू सेकंदाला ३० किमी वेगाने आपल्याकडे आला की त्याच्या प्रकाशातली ही रेषा सुमारे ०.६५ अँगस्ट्रॉम निळ्याकडे सरकते, आणि फिल्टरपुरता तो नसतोच. फिल्टरची तरंगलांबी सरकवणारी ट्यूनिंगची रिंग जरा निळ्याकडे फिरवली असती तर तिथेच सापडला असता. रिंगला हातही लावला नाही मी! बाकी बिंबावरचे उजळ पट्टे नेहमीसारखे दिसत असतील तर फिल्टर ठीक आहे असं समजा. (कधीकधी फिलामेंट तापूनही मावळतो, तेव्हा रिंग फिरवून उपयोग नाही.)

'काळा म्हणजे गार' हेही डोक्यातून काढा. सूर्यडागाला ते लागू आहे, इथे नाही. फिलामेंट साधारण ८,००० अंशांचा, म्हणजे खालच्या पृष्ठभागापेक्षा गरमच. गार म्हणायचा तो दहा लाख अंशांच्या कोरोनाच्या, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणाच्या मानाने. खालून येणारा एच-अल्फा प्रकाश शोषून तो चहूकडे उधळतो, आपल्या वाट्याला कमी येतो, म्हणून काळा. तोच कडेवर आला की मागे अंधार, म्हणून लालभडक ज्वाळा.

आता तो वर टिकतो कसा? इतका गार वायू स्वतःच्या दाबावर दोन-तीनशे किलोमीटरसुद्धा उभा राहणार नाही, आणि हे महाशय हजारो किलोमीटर उंच. चुंबकीय रेषांना मध्ये झोळ पडतो, त्या झोळीत तो पडून असतो. उष्णता रेषांना आडवी फारशी जात नाही, त्यामुळे शेजारची भट्टी त्याला भाजत नाही. दाट असल्याने जे मिळतं ते भराभर प्रकाशून टाकतो. झोळी सुटली की उसळलाच.

मी बँकेतला माणूस, शास्त्रज्ञ नव्हे; चुकलो तर जाणकारांनी कान धरावा. पण आधी त्याच वेळेची गाँगची (जगभरच्या सौर दुर्बिणींचं जाळं) एच-अल्फा चित्रं बघा, त्या जाळ्यातली एक दुर्बीण उदयपूरला आहे. तिथूनही रेघ गेली असेल तर तुमच्या फिल्टरचा काय दोष?

आणि तरीही पाठवायचाच असेल, तर जातानाच्या कागदांवर सिरियल नंबर चढवून घ्या.