फलकावर ‘दोन्ही मते’ लिहिण्याआधी

शाळेच्या इतिहास प्रदर्शनासाठी आपण इजिप्तमधील गिझाच्या स्मारकांवरचे फलक लिहीत आहात, आणि स्फिंक्स या सिंहदेही, मानवी मुखाच्या पुतळ्याचे नाक नेपोलियनच्या तोफेने उडाले नाही असे लिहिताच समितीने ‘दोन्ही मते द्यावीत’ असा शेरा मारून मजकूर परत पाठवला, हे वाचून मला माझा जुना वैताग आठवला. मी पुरातत्त्वज्ञ नाही, या विषयाचा हौशी वाचक आहे, तेव्हा पुढचे सारे त्याच मापाने घ्यावे. गिझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड बांधवून घेणारा राजा खुफू कोण आणि पिरॅमिड कशासाठी, हे आपल्याला ठाऊक आहे असे धरून चालतो.

एका पर्यटन कंपनीने इजिप्तला जाणाऱ्या मराठी प्रवाशांसाठी माझ्याकडून एक माहितीपुस्तिका लिहून घेतली होती. नेपोलियनची गोष्ट मी वगळली, तेव्हा कार्यालयातून आधी सांगण्यात आले की प्रवाशांना जे माहीत असते तेच वाचायला आवडते. मी हटलो नाही, तेव्हा तडजोड म्हणून ‘काहींच्या मते’ ही शब्दयोजना सुचवण्यात आली. ती मी लेखी नाकारली. त्यानंतर मुद्रिते मला दाखवलीच नाहीत आणि पुस्तिका छापून आली, त्यात ‘काहींच्या मते नेपोलियनने, तर काहींच्या मते स्थानिकांनी’ हे वाक्य माझ्या नावाखाली होते. फोन केला की संबंधित व्यक्ती सहलीवर असे, पत्र पाठवले की ते दुसऱ्या विभागाकडे जाई. सरळ चूक छापली असती तर निदान खुलासा मागता आला असता. या वाक्यात मात्र बोट ठेवावे असे काही नव्हते, कारण वाचणाऱ्याला ते समतोल वाटत होते.

समतोल मतांमध्ये साधता येतो, तारखांमध्ये नाही. फ्रेडरिक नॉर्डन या डॅनिश नौदल अधिकाऱ्याने 1737 साली स्फिंक्सचे चित्र काढले आणि त्यात नाक नाही. नेपोलियनचा जन्म 1769चा, आणि तो इजिप्तमध्ये उतरला 1798 साली. शिवाय पंधराव्या शतकातील कैरोचा इतिहासकार अल-मक्रीझी याने हे विद्रूपीकरण मुहम्मद साइम अल-दहर नावाच्या सूफीने केल्याचे नोंदवले असून, ही घटना 1378 सालची मानली जाते. त्या माणसाच्या नावाबद्दल शंका घ्यायची तर खुशाल घ्यावी, कारण तिथे आपल्या हाती एक लिखित नोंदच आहे; परंतु नाकाच्या जागी पहारी किंवा छिन्न्या ठोकल्याच्या खुणा पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांना आढळल्या आहेत, आणि तोफगोळा अशा खुणा करीत नाही. ज्याने सैन्याबरोबर विद्वानांचा मोठा ताफा नेला आणि ज्याच्या मोहिमेतून या स्मारकांची तपशीलवार रेखाटने युरोपात पोहोचली, त्याच्याच माथी हे नाक मारले जावे, हा त्याच्यावर अन्यायच आहे.

पिरॅमिड गुलामांनी बांधले या समजुतीवरच्या फलकाबाबत मात्र मी आपल्याला थोडे सावध करीन. एक लाख माणसे आणि वीस वर्षे हे बांधकामाचे आकडे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचे आहेत. तो पिरॅमिडनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी तिथे गेला होता, आणि त्यानेही तीन-तीन महिन्यांच्या पाळ्यांचा उल्लेख केला आहे. 1990 साली गिझाला कामगारांची दफनभूमी उजेडात आली. तिथल्या सांगाड्यांमध्ये अतिश्रमाच्या खुणा आहेत तशी नीट बसवून जुळलेली हाडेही आहेत, आणि जवळच्या वस्तीत भट्ट्या व गुराढोरांच्या हाडांचे ढीग सापडले आहेत. 2013 साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या पथकाला तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पपायरस मिळाले. त्यांत मेरेर नावाचा अधिकारी आपल्या तुकडीने तुरा येथील खाणीतला चुनखडक होड्यांतून गिझाला कसा वाहून नेला, याची रोजनिशी ठेवतो. हे वाचून उत्साहाच्या भरात ‘पिरॅमिड स्वतंत्र, पगारी कामगारांनी आनंदाने बांधले’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. राजाज्ञेने गावोगावची माणसे ठरावीक काळासाठी कामावर येत, त्यांना भाकरी, बिअर आणि मांस मिळे, आणि नकार देण्याची मोकळीक त्यांना कितपत होती हा वेगळाच प्रश्न आहे. बाजारात विकत घेतलेला गुलाम आणि वेठीवर आलेला शेतकरी यांच्यामधली ही स्थिती मुलांना समजत नाही, असे मला तरी वाटत नाही.

पिरॅमिड परग्रहवासीयांनी बांधले या कल्पनेवर फलक खर्च करू नये. खुफूच्या आधीच्या राजांपैकी झोसेरचा पायऱ्यांचा पिरॅमिड, स्नेफेरूचा दहशूर येथील मध्येच उतार बदललेला पिरॅमिड आणि त्यानंतरचा त्याचाच लाल पिरॅमिड यांची चित्रे ओळीने लावली की चुकत-सुधारत गेलेले गवंडीकाम समोर दिसते. आणि खुफूच्या पिरॅमिडमधील चित्रलिपीने भरलेल्या भिंती म्हणून एखादे छायाचित्र कोणी आणून दिले तर ते लावू नका; त्याच्या दालनांच्या भिंती कोऱ्या आहेत, आणि आतल्या भिंतींवर कोरलेले मजकूर उनास या राजाच्या पिरॅमिडपासून, म्हणजे पाचव्या राजवंशाच्या अखेरीपासून दिसू लागतात.

समितीला ‘दोन्ही मते’ हवीच असतील तर ती उतरणीच्या, म्हणजे दगड वर ओढून नेण्याच्या तिरप्या वाटेच्या, फलकावर द्यावीत, कारण तिथे ती खरोखर आहेत. दगड वर नेण्यासाठी सरळ उतरण होती, पिरॅमिडभोवती वळत जाणारी होती, की दोन्हींचे मिश्रण, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. 2018 साली इजिप्तमधीलच हतनूब येथील दगडाच्या खाणीत खुफूच्या काळातील एक तीव्र चढाची उतरण सापडल्याचे जाहीर झाले. तिच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांबांसाठी खोदलेली भोके आहेत, त्यामुळे दोर खांबांना वळसा देऊन ओढत असावेत असा तर्क केला जातो. अर्थात ती खाणीतली आहे, गिझाची नव्हे, आणि फलकावर हा फरक ठळक अक्षरांत असावा.

शेवटी एक व्यवहाराची सूचना: छपाईपूर्वीचे अंतिम मुद्रित आपल्या सहीशिवाय पुढे जाणार नाही, हे समितीकडून आताच लेखी घ्यावे. आपल्या शाळेतली माणसे चांगली असतील, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही; पण सही नसेल तर फलकाखाली नावही देऊ नये.