मुलीला पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर सोडताना काय काय बघावं?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलीला कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) पुण्यातल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात सीट मिळाली आहे, परभणीहून तुम्ही दोघी येणार आहात आणि घरातलं कुणीच याआधी हॉस्टेलवर राहिलेलं नाही. मग सोबत काय आणायचं, पहिल्या दिवशी काय करायचं आणि ओरिएंटेशन (नव्या मुलांसाठीचा सुरुवातीचा ओळख-कार्यक्रम) बुडालं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: ओरिएंटेशन बुडवू नका. बाकीच्याचं थोडक्यात सांगायचं तर सामान कमी आणा, कागद पूर्ण आणा. बादली कुठल्याही दुकानात मिळते, पण राहिलेला दाखला परभणीहूनच आणावा लागतो.

निघण्याआधी सीट फ्रीझ, म्हणजे पक्की, केली आहे ना, ते कॅपच्या लॉगिनमध्ये बघून घ्या. बेटरमेंटसाठी, म्हणजे आणखी चांगल्या सीटसाठी, पुढच्या फेरीत नाव ठेवलं असेल तर हॉस्टेलचे पैसे भरायची घाई करू नका. कॉलेजचा प्रवेश आणि हॉस्टेलचा प्रवेश वेगळे असतात. हॉस्टेलचा फॉर्म वेगळा भरायचा असतो, त्याची यादीही वेगळी लागते. सीट मिळाली म्हणजे खोली मिळाली, असं धरून बरेच पालक सामानासकट येतात आणि त्यांना लॉज शोधावा लागतो.

कागदांची फाईल घरीच लावा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, सीट अलॉटमेंटचं पत्र, आधार आणि मेडिकल फिटनेस हे सगळ्यांनाच लागतं. लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला. नॉन-क्रिमीलेअरवर मुदत छापलेली असते, ती या वर्षाच्या प्रवेशाला पुरते का ते बघा. सगळ्याच्या तीन-तीन स्वसाक्षांकित झेरॉक्स आणि एकाच फोटोच्या दहा प्रती ठेवा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज ठेवून घेतं, म्हणून तो देण्याआधी चार-पाच रंगीत प्रती काढा. प्रत्येक कागदाचं स्कॅन मोबाइलमध्ये असू द्या. महाडीबीटीवर (शिष्यवृत्ती आणि फी-माफीच्या सरकारी साइटवर) साधारण २५६ केबीच्या आतली फाईल लागते, म्हणून लहान आकाराचीही एक प्रत करून ठेवा.

महाडीबीटीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण त्यासाठी अर्ज भरावाच लागतो, आपोआप काही होत नाही. हॉस्टेल, मेस आणि डिपॉझिटचे पैसे या माफीत येत नाहीत. तुम्ही अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असाल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची अट वाचा. तिथे हॉस्टेलच्या पावत्या लागतात, म्हणून पहिल्या पावतीपासून सगळ्या जपा.

आता चूक कुठे होते ते. बँकेत आधार कार्ड दिलं म्हणजे खातं सरकारी पैसे घ्यायला तयार झालं, असं नसतं. त्याला आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैशांसाठी ते खातं आधारला जोडणं, लागतं, आणि पैसे आधारला सगळ्यात शेवटी सीड झालेल्या खात्यात जातात. मुलगी पुण्यात नवीन खातं उघडते, तिथे नकळत सीडिंगला सही करते, आणि हप्ता भलत्याच खात्यात जमा होतो. आधारच्या, म्हणजे यूआयडीएआयच्या, साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचं नाव दिसतं. ते निघण्याआधीच बघून घ्या.

यायचा वार कामाचा असू द्या, आणि सकाळी दहाला कार्यालय उघडतानाच पोहोचा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद होते आणि रांग तिथेच थांबते. प्रवेश लांबून गणेशोत्सवात आले तर अनंत चतुर्दशीला पुण्यात सामान घेऊन येऊ नका. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता मिरवणुकीमुळे बंद असतात आणि रिक्षा दूरवरच सोडते.

मुलींच्या हॉस्टेलमध्ये वडील-भावांना सहसा व्हिजिटर रूमच्या पुढे सोडत नाहीत. खोली तिसऱ्या मजल्यावर असेल तर सामान तुम्हा दोघींनाच चढवायचं आहे. म्हणून एक मोठी बॅग, एक पाठीवरची सॅक आणि अंथरूण-पांघरुणाची एक वळकटी, एवढंच आणा. गादी परभणीहून आणू नका. कॉट कुठे अडीच फुटी असते, कुठे तीन फुटी. आधी मोजा, मग इथे घ्या. बादली, मग, दोरी, चिमटे, हँगरही इथलेच. आणायचं ते असं: दोन चांगली कुलपं (एक खोलीला, एक कपाटाला, चाव्यांचा एक जोड रूममेटकडे किंवा घरी), ताट-वाटी-पेला, टॉर्च, मच्छरदाणी, नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि लवकर वाळणारे कपडे. ऑगस्ट-सप्टेंबरात जीन्स तीन-तीन दिवस ओली राहते आणि कपाटात वास धरते.

पाणी तापवायची कॉइल देऊ नका. हे फक्त नियमासाठी सांगत नाही. १५०० वॅटची कॉइल २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढते आणि खोलीतलं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं. प्लग गरम होतो, वितळतो, आणि एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) पडला तर अख्ख्या मजल्याची लाइट जाते. ओल्या फरशीवर शॉकचा धोका वेगळाच. सोलरचं गरम पाणी सकाळी लवकर मिळतं आणि ढगाळ दिवसात मिळतच नाही, याची तिला आधीच कल्पना द्या.

खोलीची चावी हातात आली की सामान दाराबाहेरच ठेवा आणि आधी ढेकूण बघा. कॉटवरची फळी उचला. फळीच्या कडा, लोखंडी पट्ट्यांचे सांधे, बोल्टची भोकं यांवर मोबाइलची टॉर्च मारा. पेनाच्या शाईचे थेंब पडावेत तसे बारीक काळे ठिपके पुंजक्याने दिसले, तर ती ढेकणांची घाण. जुनं एटीएम कार्ड फटीतून सरकवलं की आत दडलेले बाहेर येतात. दिसले तर गादी टाकू नका, त्याच दिवशी रेक्टरना (हॉस्टेलच्या प्रमुखांना) लेखी द्या आणि फवारणी किंवा कॉट बदलून मागा. एकदा गादीच्या शिवणीत शिरले की सगळं सामान उन्हात टाकूनही सहज जात नाहीत.

मग पंखा, दिवे, प्रत्येक सॉकेट, खिडकीची कडी, कपाटाचं कुलूप तपासा. तुटकं-फुटकं असेल त्याचे फोटो काढा आणि खोलीतल्या वस्तूंच्या फॉर्मवर ते लिहूनच सही करा. कोरी सही केली की वर्षाच्या शेवटी डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.

मेसचं एकच विचारा: खाडा कसा धरतात? बहुतेक ठिकाणी आधी लेखी कळवलं आणि सलग ठरावीक दिवस जेवण बंद ठेवलं तरच पैसे वजा होतात. रविवारी रात्री मेस बंद असते का, तेही विचारून घ्या.

आता ओरिएंटेशन. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद एआयसीटीईने इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन, म्हणजेच ओरिएंटेशनचा, कार्यक्रम आखून दिला आहे, आणि यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाने असाच कार्यक्रम सगळ्या पदवी अभ्यासक्रमांसाठी सुचवला. बरीच कॉलेजं तो आठवडाभरात उरकतात. पहिल्या दिवशी सभागृहात पालकांसह भाषणं होतात. खरं काम त्यानंतरचं: डिव्हिजन, बॅच, मेंटर, कॉलेजचा ईमेल, ईआरपीचं (कॉलेजच्या ऑनलाइन यंत्रणेचं) लॉगिन, लायब्ररी कार्ड. परीक्षा विभागाचं सत्र तिने वहीत उतरवून घ्यावं. ७५ टक्के हजेरी विषयवार धरतात की एकूण, प्रॅक्टिकलची वेगळी धरतात का, केटी (राहिलेले विषय) किती चालतात, ब्रँच बदलायला पहिल्या वर्षाचे कुठले गुण लागतात, हे तिथेच विचारावं. मिनी ड्राफ्टर (ड्रॉइंगचं साधन), ॲप्रन, कॅल्क्युलेटर आधी घेऊन ठेवू नका. विभाग सांगेल तेच घ्या. ड्राफ्टर सीनिअर मुलींकडून अर्ध्या किमतीत मिळतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ऑफिशियल फर्स्ट इयर’ नावाचे ग्रुप फिरतात, त्यातले बरेच क्लासवाल्यांचे असतात. फीची लिंक फक्त कॉलेजच्या साइटवरूनच उघडा.

बारावीपर्यंत मराठी माध्यम असेल तर पहिले दोन आठवडे इंग्रजी लेक्चर जड जातं. ब्रिज कोर्स असेल तर तिने नाव द्यावं, आणि मेंटरना हे मोकळेपणाने सांगावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

रॅगिंगबद्दल घाबरू नका, पण माहिती ठेवा. प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरायचं असतं, त्याचा संदर्भ क्रमांक जपा. ‘इंट्रो’च्या नावाखाली रात्री खोलीत बोलावणं, ठरावीक कपडे घालायला लावणं, कुणाचं सबमिशन लिहून घेणं हे सगळं रॅगिंगच आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश बंद, अशी शिक्षा आहे. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. नंबर तिच्या आणि तुमच्या, दोन्ही फोनमध्ये सेव्ह करा.

आणि ताई, पहिल्या शनिवार-रविवारी तिला घरी बोलावू नका. मुली एकत्र कपडे धुतात, बाजारात जातात, एकमेकींच्या खोल्या लावून देतात ते याच दोन दिवसांत, आणि मैत्रिणी तिथेच होतात. ती रडत फोन करेल. ऐकून घ्या, जेवलीस का विचारा, आणि परत कधी बोलायचं ती वेळ ठरवून फोन ठेवा. तीन आठवड्यांनंतरही ती जेवत नसेल, झोपत नसेल, खोलीबाहेर पडत नसेल, तर मात्र वाट बघू नका: रेक्टरना फोन करा, आणि स्वतः या.