फुकटचा ब्लॉकचेन केवढ्याला पडतो? सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. सुताच्या खरेदीपासून डाइंग, पॅकिंगपर्यंतचा सगळा हिशेब ‘हायपरलेजर फॅब्रिक’वर आणा, ते ओपन सोर्स आहे, पैसे लागत नाहीत, असं एक सॉफ्टवेअरवाला सांगतो. घ्यावं का?

उत्तर: हिशेब फक्त तुमच्याच कारखान्याचा असेल तर घेऊ नका. फॅब्रिक हे ब्लॉकचेनचं सॉफ्टवेअर आहे; ब्लॉकचेन म्हणजे अनेक संस्थांनी मिळून लिहायची, प्रत्येकाकडे प्रत असलेली वही. फॅब्रिकला अपाची २.० परवाना आहे, वापरायला किंवा बदलायला पैसे पडत नाहीत. इथवर त्याचं खरं आहे. खर्च त्यानंतर सुरू होतो. सर्व्हर, बॅकअप, नव्या आवृत्त्या, आणि सर्वांत त्रासाचं म्हणजे डिजिटल प्रमाणपत्रं. फॅब्रिकमध्ये कोण कोणाचा माणूस हे या प्रमाणपत्रांवरूनच ठरतं आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यांची मुदत एक वर्षाची असते. ती संपल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही, तर ऐन डिस्पॅचच्या दिवशी नोंदी नाकारल्या जातात. हे सांभाळायला जाणकार माणूस पगारावर ठेवावा लागतो. लिहिणारे तुम्ही, वाचणारेही तुम्हीच. मग पोस्टग्रेससारखा साधा डेटाबेस पुरतो, आणि तोही ओपन सोर्सच आहे. एकमेकांच्या वहीवर भरवसा नसलेल्या तीन-चार संस्थांना एकाच वहीत लिहायचं असेल, तेव्हा ब्लॉकचेनचा विचार करा.

प्रश्न: सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, तरी बाहेर कुठेही विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून खपते. प्रत्येक चादरीवर क्यूआर लावून ब्लॉकचेनवर नोंद केली तर हे थांबेल का?

उत्तर: नुसत्या क्यूआरने नाही. ब्लॉकचेनला कापड दिसत नाही, फक्त क्रमांक दिसतो. अस्सल चादरीवरचा एक क्यूआर घेऊन कोणीही हजार नकली चादरींवर छापेल आणि प्रत्येक स्कॅनला ‘अस्सल’ असंच उत्तर येईल. म्हणून प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक हवा, तो खरवडून उघडण्याच्या पट्टीखाली हवा आणि पहिल्या स्कॅनची नोंद व्हायला हवी. दुसऱ्या गावात तोच क्रमांक पुन्हा आला की ग्राहकाला तिथल्या तिथे कळतं.

पण माझ्या मते खरी गळती वेगळीच आहे: नोंदणी असलेल्यानेच उरलेली लेबलं बाहेरच्या मालाला देणं. इथे ब्लॉकचेन मनापासून सुचवावासा वाटतो. लेबलचे क्रमांक कारखानदाराने स्वतः काढू नयेत. जीआयच्या अधिकृत वापरकर्त्यांच्या नोंदीप्रमाणे ते संघटनेने द्यावेत. कोणाकडे किती माग, किती पाळ्या, हे आधी वहीत असावं. त्या क्षमतेबाहेर लेबलं मागितली तर चेनकोडने, म्हणजे व्यवहाराचे नियम लिहिलेल्या प्रोग्रॅमने, मागणी नाकारावी. फॅब्रिकमध्ये अशी अट घालता येते की संघटना आणि कारखाना दोघांची मान्यता असल्याशिवाय नोंद पक्की होणार नाही. पतसंस्थेच्या धनादेशावर दोन सह्या लागतात तसंच. अध्यक्ष बदलले म्हणून जुने आकडे गुपचूप बदलता येत नाहीत, कारण वहीची प्रत प्रत्येक सभासद संस्थेकडे असते. माग मोजायला मात्र माणसालाच जावं लागेल.

प्रश्न: सांगोला तालुक्यात आमची डाळिंब उत्पादकांची कंपनी आहे. फळ कोणत्या बागेतलं, फवारणी कधी झाली, हे निर्यातदार विचारतात. ब्लॉकचेनचं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं: फॅब्रिक, बेसू की कॉर्डा?

उत्तर: आधी कोण कोण सामील होणार ते ठरवा. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये जहाजवाहतुकीसाठी ‘ट्रेडलेन्स’ उभं केलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण त्यांनीच सांगितलं: सगळ्या उद्योगाचं सहकार्य मिळालं नाही. उलट, वॉलमार्टच्या चाचणीत आंब्याच्या फोडींचा माग काढायला लागणारे सुमारे ७ दिवस २.२ सेकंदांवर आले, कारण पुरवठादारांना ‘नोंद करा’ असं सांगण्याची ताकद वॉलमार्टकडे होती. तुमच्या निर्यातदारांपैकी किमान दोघं तरी स्वतःचा सर्व्हर चालवायला तयार आहेत का, ते विचारा.

ते तयार असतील तर फॅब्रिक घ्या. त्यातल्या खाजगी डेटाच्या सोयीने तुमचा दर तुम्ही आणि तो निर्यातदार एवढ्यांतच राहतो, बाकीच्यांकडे फक्त त्याचा हॅश, म्हणजे माहितीवरून गणिताने काढलेला सांकेतिक ठसा, जातो. सॉलिडिटी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणारी मुलं हाताशी असतील तर बेसूही चांगलं. त्यात चार व्हॅलिडेटरपैकी, म्हणजे नोंदी तपासून मान्य करणाऱ्या सर्व्हरपैकी, एक बंद पडला किंवा खोटं वागला तरी काम चालू राहतं. कॉर्डा दोन-तीन पक्षांमधल्या करारांसाठी, मुख्यतः बँकांना सोयीचं, तुम्हाला नको. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ‘अनारनेट’वर बागेची नोंद असेल तर तोच क्रमांक वापरा, दुसरा काढू नका. आणि रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, अहवाल लॅबनेच थेट नोंदवावा. आपल्या हाताने भरलेली चुकीची फवारणीची तारीख साखळीत गेली तरी चुकीचीच राहते.

प्रश्न: मी करसल्लागार आहे. फॅब्रिक वापरणाऱ्या कंपनीला क्रिप्टोचा ३० टक्के कर लागू होईल का?

उत्तर: नाही. तो कर क्रिप्टो नाण्यांसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरातून होणाऱ्या उत्पन्नावर आहे. फॅब्रिकमध्ये मुळात नाणंच नसतं. तुमच्या अशिलांनी व्यावसायिक एसएमएससाठी जी डीएलटी (सामायिक नोंदवही) नोंदणी केली, तीही दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार आलेली ब्लॉकचेन पद्धतीचीच यंत्रणा आहे.

प्रश्न: पतसंस्थेच्या सभासदांचे मोबाइल क्रमांक हॅश करून साखळीवर ठेवले तर सुरक्षित ना?

उत्तर: नाही, आणि हे कृपया करू नका. मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो. सगळे शक्य क्रमांक हॅश करून जुळवून पाहणं साध्या संगणकालाही जमतं. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे आणि साखळीवरचं पुसता येत नाही. वैयक्तिक माहिती तुमच्या डेटाबेसमध्येच ठेवा. साखळीवर फक्त कागदपत्राचा हॅश न्या, तोही प्रत्येक नोंदीसाठी वेगळा गुप्त आकडा मिसळून; सभासदाची माहिती पुसताना तो आकडाही नष्ट करा.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुरुवात कशी करू? महागड्या कोर्सची गरज आहे का?

उत्तर: गरज नाही. लिनक्स आणि डॉकर आधी पक्कं करा, मग गो भाषा शिका. फॅब्रिकबरोबर नमुन्यादाखल मिळणारं ‘टेस्ट नेटवर्क’ तुमच्याच लॅपटॉपवर चालतं. ते चालवा, एक नोड (जाळ्यातला एक सर्व्हर) मुद्दाम बंद पाडा, एखाद्या प्रमाणपत्राची मुदत संपू द्या आणि ते पुन्हा उभं करा. प्रोजेक्टसाठी वरचा चादरीच्या लेबलचा प्रश्न घ्या. चेनकोड लिहिण्याआधी दोन-तीन कारखान्यांत जाऊन माग, पाळ्या आणि लेबलांची नोंद आज कशी ठेवतात ते पाहून या.