बीपीसी-१५७ डॉक्टरांनी लिहून दिलं म्हणजे कायदेशीर झालं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. यजमानांचा खांदा वर्षभर दुखतोय. पुण्यातल्या एका 'लाँजेव्हिटी' क्लिनिकने सहा आठवडे पोटाच्या कातडीखाली टोचून घ्यायला बीपीसी-१५७ लिहून दिलं आणि कुप्याही क्लिनिकनेच दिल्या. आता कुणीतरी हे बेकायदेशीर असल्याचं सांगितलं. तुमचं म्हणणं, डॉक्टर रीतसर एमडी आहेत, सही-शिक्क्याची चिठ्ठी आहे, न्यू जर्सीची नणंद म्हणते तिकडे सर्रास देतात. मग बेकायदेशीर कसं?

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. औषध कंपन्यांच्या रेग्युलेटरी खात्यात नोकरी केली, त्यामुळे या बाजूचे कागद माहीत आहेत. खांद्याचं काय करायचं ते अस्थितज्ज्ञांना विचारा. कायद्याचं सांगतो.

आपला औषध कायदा चिठ्ठीपासून सुरू होत नाही, कुपीपासून होतो. ही कुपी कुणी बनवली, कोणत्या परवान्यावर, देशात कशी आली, तिला मान्यता कुणी दिली, हे प्रश्न आधी. ते सुटले की मग डॉक्टरांचं स्वातंत्र्य, आणि ते भरपूर आहे. बीपीसी-१५७ पहिल्याच प्रश्नाला अडकतं. माणसांवर वापरायला त्याला भारतात मान्यता नाही, अमेरिकेतही नाही. पंधरा अमिनो आम्लांची ही साखळी, म्हणजे पेप्टाइड. तिच्यावरचं बरंचसं काम क्रोएशियात झाग्रेबच्या एका गटाने केलंय आणि तेही बहुतांश उंदरांवर. माणसांवरचे अभ्यास बोटांवर मोजण्याइतके आणि अगदी लहान. उंदराचा टेंडन जुळतो हे खरं असेलही, पण तेवढ्यावर परवाना मिळत नाही.

क्लिनिकवाले इथे हमखास 'ऑफ-लेबल' हा शब्द पुढे करतात. त्यात गल्लत आहे. टेरिपॅराटाइड घ्या. तेही पेप्टाइडच, चौतीस अमिनो आम्लांचं, हाडं ठिसूळ झालेल्या रुग्णांना देतात आणि आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळतं. एखाद्या अस्थितज्ज्ञाने ते न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी लिहिलं तर तो झाला ऑफ-लेबल वापर. औषध मान्य, कारखाना तपासलेला, फक्त आजार वेगळा. असा निर्णय डॉक्टर आपल्या जबाबदारीवर घेतात आणि रोज घेतात. बीपीसीच्या बाबतीत मूळ मान्यताच नाही, मग तिच्याबाहेरचा वापर कुठून येणार? इन्सुलिनही पेप्टाइड, सेमाग्लुटाइडही पेप्टाइड, तेव्हा 'पेप्टाइडं बेकायदेशीर' असा सरसकट अर्थही काढू नका.

तुम्ही टाकलेला कुपीचा फोटो मोठा करून पाहिला. पांढरी भुकटी, निळं झाकण, '५ मि.ग्रॅ.', एक बॅच नंबर, आणि खाली बारीक अक्षरांत 'फॉर रिसर्च यूज ओन्ली'. उत्पादन परवाना क्रमांक नाही. बनवणाऱ्याचा पत्ता नाही. आयात माल असेल तर आयात परवान्याचा क्रमांक हवा, तोही नाही. घरातली कुठलीही क्रोसिनची पट्टी उलटी करून बघा, परवाना क्रमांक आणि पत्ता दोन्ही सापडतील. 'रिसर्च'चा शिक्का मारला की सुटलो असं विकणाऱ्यांना वाटतं. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात औषधाची व्याख्या वापराच्या हेतूवर आहे. खांदा बरा व्हावा म्हणून डोस लिहून दिला की ते औषध झालं, लेबल काहीही म्हणो.

त्या कुपीसोबतच्या क्यूआर कोडवर '९९ टक्के शुद्ध' असं प्रमाणपत्र उघडतं म्हणालात. तो आकडा एचपीएलसीचा, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा. नमुन्यातल्या पेप्टाइडी मालात हवं ते किती आणि तुटकं-फुटकं किती, एवढंच त्यातून कळतं. कुपी निर्जंतुक आहे का, त्यात एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचं विष, आहे का, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. टोचायच्या औषधात माणूस आजारी पडतो तो या दोन गोष्टींनी.

आता कलमं. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सा चाचणी नियमांप्रमाणे असं औषध 'नवीन औषध' ठरतं आणि ते विक्रीसाठी बनवायला किंवा आयात करायला दिल्लीच्या सीडीएससीओची, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची, परवानगी लागते. विनापरवाना बनवणं-विकणं हे १९४० च्या कायद्यातल्या कलम १८(सी) चं उल्लंघन. त्याची शिक्षा कलम २७ मध्ये, किमान तीन ते कमाल पाच वर्षं कैद आणि निदान एक लाख रुपये किंवा मालाच्या किमतीच्या तिप्पट दंड. विकत घेणारा रुग्ण हे या कलमाचं लक्ष्य नाही, तेव्हा तेवढ्यापुरते निर्धास्त राहा. मात्र तुम्ही स्वतः परदेशी वेबसाइटवरून कुरियरने मागवायला गेलात तर आयातदार तुम्ही, हे विसरू नका.

डॉक्टर यावर 'शेड्यूल के', म्हणजे औषध नियमांतली सवलतींची यादी, दाखवतील. खरं आहे, स्वतःच्या रुग्णाला औषध द्यायला डॉक्टरला विक्रीचा परवाना लागत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईच्या एका त्वचारोगतज्ज्ञावरचा खटला याच आधारावर रद्द केला. पण तिथे सापडली होती ती थोडीशी मलमं आणि लोशनं. सूट विक्रीच्या परवान्यापुरती आहे. मान्यता नसलेल्या मालाला ती मान्यता देत नाही.

काही ठिकाणी 'आम्ही अभ्यास करतोय' असं सांगतात. छान, मग सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चिकित्सा चाचण्यांच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा, एथिक्स कमिटीचं पत्र मागा. आणि ज्या 'अभ्यासा'त रुग्णालाच पॅकेज विकतात तो कसला अभ्यास, हेही विचारा. परदेशातून स्वतःपुरतं औषध आणायचा कायदेशीर रस्ता आहे, फॉर्म १२ए भरून १२बी परवाना घ्यायचा. तो त्या एका रुग्णाच्या नावाने, ठरावीक मात्रेपुरता मिळतो. क्लिनिकच्या फ्रिजमध्ये साठा ठेवायला तो कामाचा नाही.

आता नणंदबाईंची न्यू जर्सी. तिथलं प्रकरण आपल्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे. अमेरिकेत कंपाउंडिंग फार्मसी असतात, त्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरून एकेका रुग्णासाठी औषध तयार करतात. तिथल्या औषध कायद्याच्या कलम ५०३ए प्रमाणे त्यांना कच्चा माल वापरायला तीन वाटा आहेत. एक तर त्याचं यूएसपीत, म्हणजे तिथल्या औषध-मानकांच्या ग्रंथात, प्रमाणक हवं, नाहीतर तो एखाद्या मान्य औषधाचा घटक हवा, नाहीतर एफडीए या तिथल्या औषध नियामकाच्या खास यादीत त्याचं नाव हवं. बीपीसीला पहिल्या दोन वाटा बंदच. तिसऱ्या वाटेवर सप्टेंबर २०२३ मध्ये एफडीएने त्याला सुरक्षेची शंका असलेल्या 'कॅटेगरी २' मध्ये टाकलं. कारणं दिली ती शरीराने त्याविरुद्ध प्रतिकार करण्याची शक्यता, अशुद्ध घटक आणि माणसांवरच्या माहितीची टंचाई.

थायमोसिन बीटा-४ या अशाच दुसऱ्या पेप्टाइडचं दुखणं निराळंच. त्याच्यात ४३ अमिनो आम्लं. तिकडे चाळीसच्या वर गेलं की ते जैविक उत्पादनात मोडतं आणि ५०३ए ची सवलतच संपते. तीन अमिनो आम्लांनी हुकलं बिचारं!

तिथली यंत्रणा इतकी कडक का, तर २०१२ ची आठवण. मॅसॅच्युसेट्सच्या एका कंपाउंडिंग फार्मसीच्या पाठीत द्यायच्या स्टेरॉइड इंजेक्शनांत बुरशी गेली आणि साठांहून अधिक माणसं मेनिंजायटिसच्या साथीत गेली. त्यानंतर २०१३ मध्ये कायदा बदलला. पेप्टाइडांपुरतं बघायचं तर केंटकीच्या टेलर मेड कंपाउंडिंग या कंपनीने २०२० मध्ये मान्यता नसलेली औषधं वितरित केल्याचा गुन्हा कबूल केला आणि सुमारे १७ लाख ९० हजार डॉलर सरकारजमा झाले. बीपीसीही त्या मालात होतं.

तिकडे लिहून देणाऱ्या डॉक्टरवर एफडीए सहसा जात नाही, वैद्यकीय व्यवसायाचं नियमन राज्यांच्या बोर्डांकडे असतं. म्हणून 'सर्रास देतात' हे नणंदेला दिसतं. अडकतो तो बनवणारा आणि पाठवणारा. डॉक्टर स्वतःच कुप्या विकायला लागला की तोही त्याच रांगेत येतो. रॉबर्ट केनेडी यांनी आरोग्यमंत्री होण्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, एफडीए पेप्टाइडांची गळचेपी करते असं जाहीरपणे म्हटलं होतं, तेव्हा या याद्यांवर ओढाताण चालणारच. पण यादीतला रकाना बदलणं वेगळं आणि औषधाला मान्यता मिळणं वेगळं. आणि तिकडे रकाना बदलला म्हणून पुण्यातल्या कुपीवर परवाना क्रमांक उगवत नाही.

यजमान मास्टर्स बॅडमिंटन खेळतात असं तुम्ही ओघात लिहिलंय. हे त्यांना आजच सांगा. बीपीसी-१५७ 'वाडा'च्या, म्हणजे जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या, बंदी यादीत २०२२ पासून एस० गटात, म्हणजे कुठल्याच देशाची मान्यता नसलेल्या पदार्थांत आहे. थायमोसिन बीटा-४ च्याच घराण्यातल्या टीबी-५०० ला तर वेगळ्या गटात नावानिशी बंदी आहे. डॉक्टरची चिठ्ठी डोपिंग समितीपुढे ठेवून फारसा उपयोग होत नाही, कारण मान्यता नसलेल्या औषधाला उपचाराची सवलत मिळवणं जवळपास अशक्य.

संमतीपत्राचंही विचारलंत. 'हे औषध मान्यताप्राप्त नाही हे मला माहीत आहे' असल्या कागदावर यजमानांनी सही केली म्हणून पुरवठा कायदेशीर होत नाही. उलट, क्लिनिकला ते ठाऊक होतं याचा तो लेखी पुरावा आहे, तेव्हा त्याची प्रत मागून घ्या. बिलावर औषधाचं नाव न घालता 'वेलनेस पॅकेज' लिहिलंय म्हणालात. ही खूण मी बऱ्याच ठिकाणी पाहिलीय. औषधाचं नाव, बॅच आणि पुरवठादार घालून बिल द्या, असं लेखी मागा. टाळाटाळ झाली तर तेवढं उत्तर पुरे आहे.

उरलेल्या कुप्या फेकू नका आणि वापरूही नका. फोटो, बिल, चिठ्ठी एकत्र ठेवा. टोचलेल्या जागी गाठ, ताप, अंगावर पुरळ असं काही झालं असेल तर अस्थितज्ज्ञांना हे औषध घेतल्याचं स्पष्ट सांगा, लाजू नका. तक्रार करायची तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्यातल्या सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे लेखी अर्ज द्या. औषध निरीक्षक क्लिनिकमधला साठा तपासू शकतात, नमुने घेऊ शकतात. डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार वेगळी, ती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. पैसे परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि वकील लावायलाच हवा असंही नाही. आधी क्लिनिकला नोटीस पाठवा, नुसत्या नोटिशीवर पैसे परत करणारी क्लिनिकं मी पाहिली आहेत.